सासूबाईंचा तन्मणी

सोन्याची निगा राखणे फारसे अवघड नाही. रात्री भिजत घातलेले रिठे सकाळी चोळून घ्यावेत, त्या पाण्यात पाटल्या-बांगड्या मऊ ब्रशने हलके घासाव्यात आणि कोरड्या मलमलीने टिपून घ्याव्यात. कोल्हापुरी साज मात्र गरम पाण्यात घालू नये. त्याच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. उष्णतेने ती मऊ पडते आणि पातळ पत्रा चेपतो. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे. तरीही लाखेवर घडवलेले दागिने आपल्या तिजोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ही विसंगती सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

आमच्या सूनबाईंनी ती मोत्यांच्या बाबतीत बोलून दाखवली. पर्युषणापूर्वी मी सासूबाईंचा तन्मणी त्यांच्या हाती ठेवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आई, शिंपल्यातल्या जिवाला इजा केल्याशिवाय मोती निघत नाही ना? मग मी तो कसा घालू?” त्यांचे म्हणणे खरेच आहे. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये संवर्धित मोती पिकवून दाखवला. पण त्यासाठीही शिंपला उघडून आत बीज ठेवावेच लागते आणि मोती काढताना तो जीव बहुधा वाचत नाही. घरात नवा मोती आणायचा नाही, हे त्याच दिवशी ठरले.

प्रश्न उरला जुन्या तन्मण्याचा. तो विकला तर कोणाच्या तरी गळ्यात जाणारच, आणि तसाच पडू दिला तर नासणार. मोती हा मुख्यतः चुन्याच्या क्षारांचा. लिंबू-चिंच तर सोडाच, घाम आणि अत्तरही त्याचे पाणी घालवतात. म्हणून अत्तर आधी, मोती शेवटी. वापरानंतर गाळलेल्या पाण्यात किंचित ओलावलेल्या मलमलीने तो पुसावा, पूर्ण वाळू द्यावा आणि सुती कापडात वेगळा ठेवावा. सोन्याचे कंगोरे मोत्याला ओरखडतात आणि हवाबंद कोरड्या जागी वर्षानुवर्षे राहिला तर त्याला तडे जाऊ शकतात.

सर जीर्ण झाले होते, आणि ते रेशमात ओवलेले. रेशीम तर कोष उकळूनच काढतात. सुती दोऱ्यात ओवायला पटवेकरी कुरकुरत होता; दोरा लवकर मळेल, लवकर तुटेल, म्हणाला. मळला तर पुन्हा ओवू, असे सांगून मी ओवून घेतला.

सूनबाई तो अजून घालत नाहीत. मात्र महिन्यातून एकदा पेटीतून काढून पुसून ठेवतात, त्या त्याच.