जाडीचा आग्रह

खांद्याची वाटी मुळातच उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात जागेवर राहतो तो भोवतीच्या चार स्नायूंच्या कंडरांमुळे. वरची कंडरा फाटून वर्षं लोटली की तिचा स्नायू आखडतो, त्यात चरबी भरते. मग खांद्यावरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, हात उचलायला गेला की हाताऐवजी गोळाच वर सरकतो. एमआरआयमध्ये स्नायूपेक्षा चरबी जास्त दिसली, की ती कंडरा ओढून शिवण्याचा नाद मी सोडतो. ओढूनताणून शिवली तरी ती बहुधा टिकत नाही, आणि भरलेली चरबी ओसरत नाही.

ओसाकाचे सर्जन तेरुहिसा मिहाता यांचा विचार मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. गेलेली कंडरा परत आणण्याचा हट्टच त्यांनी सोडला. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा फॅशिया लाटा हा स्नायूंवरचा चिवट पडदा काढून, त्याचे पदर करून, तो पट्टा त्यांनी वाटीच्या वरच्या काठापासून दंडाच्या हाडापर्यंत बसवला. हा पट्टा स्वतः काहीच उचलत नाही. गोळ्याला वर चढू देत नाही, एवढंच. उचलण्याचं काम डेल्टॉइड करतो. २०१३ साली त्यांनी मांडलेल्या २४ खांद्यांमध्ये हात सरासरी ८४ अंशांवरून १४८ अंशांपर्यंत वर गेला.

ऑपरेशन थिएटरमध्ये माझा सगळा जीव जाडीत अडकलेला असतो. पदरावर पदर घालून पट्टा सहा ते आठ मिलिमीटर भरल्याशिवाय मी पुढे जात नाही. असा पट्टा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आत सरकवताना अडतो, दोरे गुंततात, वेळ जातो. पातळ पट्टा सरसर जातो, आणि मोह तिथेच होतो. पण मिहातांच्याच प्रयोगांत चार मिलिमीटरचा पट्टा आठच्या तोडीला उतरला नाही. दात्याच्या त्वचेचा तयार पट्टा मांडीवरची जखम वाचवतो, हे खरं. पण तो पातळ असतो आणि ताणाखाली लांबतो. म्हणून मी मांडीच पसंत करतो, आणि ती काही दिवस दुखेल हे आधीच सांगतो.

सांध्याची झीज फार झाली असेल, वय सत्तरीपुढचं असेल, तर फ्रान्सचे सर्जन पॉल ग्रामों यांनी १९८५ च्या सुमारास घडवलेला उलटा कृत्रिम सांधा, म्हणजे वाटीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी, अधिक भरवशाचा. पण पन्नाशीतल्या कष्टकरी माणसाला तो बसवायला माझं मन लवकर धजत नाही.

पट्टा हाडाला नीट धरायला महिने लागतात. दुखणं मात्र त्याआधीच थांबतं, आणि बरं वाटलं म्हणून माणूस पोतं उचलतो. त्यामुळे पहिल्याच भेटीत मी घरच्यांनाही बोलावतो. शेतात, दुकानात, घरात नेमकं काय उचलावं लागतं ते विचारतो. तेवढे महिने काम थांबवणं ज्याला परवडणारच नाही, त्याला ही शस्त्रक्रिया मी सुचवत नाही.