किलोमीटर विकणे आहे

तुम्ही कधी कोणाकडे पैसे मागितले आहेत? उसने नव्हे. उसने मागताना निदान "महिनाअखेर देते" एवढं तरी म्हणता येतं. मी म्हणतेय ते दुसऱ्या कोणासाठी तरी आणि परत न देण्याच्या बोलीवर मागितलेले पैसे. चोविसाव्या वर्षापर्यंत मी असे एकदाही मागितले नव्हते. मग पहिल्या मॅरेथॉनची तयारी करता करता चार महिने मागत फिरले. खरं सांगू? धावणं त्यामानाने सोपं होतं.

आम्ही लखनौच्या अमौसी भागात राहतो. मूळचे भुसावळकडचे, बाबांच्या नोकरीमुळे इथे आलो. विमानतळाला चौधरी चरणसिंगांचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला 'अमौसी' म्हटलं की पुरतं. मी घरून कंटेंट रायटिंगचं काम करते. गाद्या, विमा पॉलिसी, केसांचं तेल, जे येईल त्यावर लिहिते. "आजच ऑर्डर करा" हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही लिहीन.

सुरुवात झाली पुष्पक एक्सप्रेसमध्ये. लखनौहून संध्याकाळी सुटणारी ही गाडी आमची माहेरची गाडी, कारण ती भुसावळवरून मुंबईला जाते. त्या खेपेला समोरच्या बर्थवर हरदोई जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं. सहा-सात वर्षांचा मुलगा, तोंडाला मास्क, डोक्यावर लोकरी टोपी, टोपीखाली केस नाहीत. वडिलांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाडजूड फाईल. परळच्या टाटा हॉस्पिटलला चालले होते. मी विचारलं, "वहाँ रहते कहाँ हैं?" ते म्हणाले, "पहले तो फुटपाथ पर थे. अब एक संस्था में कमरा मिल गया है. चूल्हा भी अपना." हे 'चूल्हा भी अपना' त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज माझ्या कानातून गेला नाही.

ती संस्था म्हणजे सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स. २००६ साली मुंबईत सुरू झाली. कॅन्सरवर उपचार घेणारं मूल आणि त्याचे आईवडील यांना उपचार चालू असेपर्यंत राहायला मोफत जागा देते. प्रत्येक कुटुंबाची वेगळी खोली, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून, पण त्यात आपापली शेगडी. यात मोठं ते काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण केमोथेरपीच्या काळात मुलाची प्रतिकारशक्ती इतकी कमी होते की साधा संसर्गही जिवावर बेततो. फुटपाथवर राहून बाहेरचं खाणाऱ्या मुलाला औषध देऊन उपयोग किती? शिवाय मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. महिन्या-दीड महिन्यात मूल बरं दिसायला लागतं, खेळायला लागतं. हातातले पैसे आणि नातेवाइकांचा धीर साधारण त्याच सुमाराला संपतो. मग लोक मुलाला घेऊन गावी परततात. उपचार अर्धवट राहिले की आजार उलटतो.

टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून तिथे जाणारी रीघ जुनी आहे. २०१९ पासून वाराणसीलाही टाटांचं मोठं कॅन्सर केंद्र झालंय, तरी मुंबईच्या गाड्यांमध्ये अशा फायली अजून दिसतात.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून दर जानेवारीत होते. तिथे धावणाऱ्याला एखादी संस्था निवडून तिच्यासाठी देणगी गोळा करता येते. मी त्याआधी फार तर दहा किलोमीटर धावले होते. सप्टेंबरमध्ये नाव नोंदवलं, अठरा आठवड्यांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. आकड्याने काही कळत नाही, म्हणून असं बघा: आमच्या विमानतळापासून थेट मुंशीपुलियापर्यंत जाणारी मेट्रो, म्हणजे लखनौचा हा टोकापासून तो टोक, सुमारे २३ किलोमीटर. तेवढं जायचं आणि जवळजवळ तेवढंच परत यायचं, पायी. आईने हे ऐकून एवढंच म्हटलं, "मग मेट्रो कशाला बांधली?"

आठवड्यात चार दिवस धावायचं, त्यातले तीन दिवस थोडं आणि रविवारी लांब. रविवारचं अंतर हळूहळू वाढवत ३० किलोमीटरच्या पुढे न्यायचं, मग शेवटचे तीन आठवडे उतरवत आणायचं. पूर्ण ४२ सरावात कोणी धावत नाही, हे मला नोंदणी केल्यावर कळलं! पहाटे पाचला कानपूर रोडने निघून आलमबागकडे जायचे. ट्रक, कुत्री आणि मी. कुत्र्यांसाठी एक उपाय सापडला: पळायचं थांबून चालायचं, त्यांचा रस जातो. रविवारी जनेश्वर मिश्र पार्कात जायचे. पावणेचारशे एकरांचं ते आवार, तिथे निदान गाड्या नाहीत. महागडी एनर्जी जेल परवडत नव्हती, म्हणून खिशात खजूर आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे. बटाटा खात धावणारी मुलगी बघून पार्कातल्या काकांच्या ग्रुपने मला 'आलू बिटिया' नाव दिलं.

दिवाळीनंतर हवा बिघडली. फोनवर हवेचा आकडा लाल दिसला की बाहेर धावायचं नाही, असं ठरवलं आणि आमच्या इमारतीचे चार मजले चढत-उतरत राहिले. नोव्हेंबरअखेर गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली. फिजिओथेरपिस्टने दहा दिवस धावणं बंद करून कमरेचे व्यायाम दिले. ते दहा दिवस मी रोज वेळापत्रकाकडे बघून रडकुंडीला यायचे. डिसेंबरात धुकं असं की हातभर अंतरावरचा दिवा दिसेना. एका पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. एवढं सगळं झालं, तरी पाय दर आठवड्याला थोडे पुढे जात होते.

देणगीचा आकडा मात्र जागचा हलत नव्हता.

मी दोनशे शब्दांचं आवाहन लिहिलं होतं, छान, आकडेवारी घालून. ते सगळ्यांना पाठवलं. अंगठे आले, टाळ्या आल्या, "प्राउड ऑफ यू" आलं. पैसे आले तीन जणांचे, त्यातला एक माझा भाऊ. मी पुन्हा पाठवेना, कारण लाज वाटत होती. त्यात आई म्हणाली, "धाव तू खुशाल. पण आपल्या घरात कोणी कोणापुढे हात पसरला नाही आजवर." मग मीही तेच कारण पुढे करून गप्प बसले.

त्याच दिवसांत टेरी फॉक्सबद्दल वाचलं. कॅनडाचा हा मुलगा. हाडाच्या कॅन्सरमुळे अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. १९८० साली कृत्रिम पाय लावून तो देश ओलांडायला निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुप्फुसात पोचला आणि त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी, बाविसाव्या वर्षी, तो गेला. पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. सुरुवातीला त्याच्याकडेही फारसं कोणी बघत नव्हतं. मग पोर्ट ओ बास्क नावाच्या गावाने दहा हजार डॉलर जमवून दिले आणि त्या गावाची वस्ती होती सुमारे दहा हजार. डोई एक डॉलर. तिथून त्याने मागणंच बदललं: प्रत्येक कॅनडावासीयाने एक डॉलर द्यावा.

म्हणजे 'मदत करा' असं मोघम म्हणायचं नाही. नेमकं किती, ते सांगायचं. हे तर मी गाद्यांच्या जाहिरातीत रोज करते!

मी नवा मजकूर लिहिला. चार ओळी. "बेचाळीस किलोमीटर विकणे आहे. एक किलोमीटर ५०१ रुपये. तुमचा नंबर निवडा, तो मी तुमच्या नावाने धावेन. पैसे थेट संस्थेकडे, माझ्याकडे नाहीत." आणि तो ग्रुपवर न टाकता एकेकाला फोन करून सांगितला. पहिल्या फोनला घसा कोरडा पडला होता. दहाव्याला नाही.

चौकातल्या सराफ्यात सोनं गाळण्याचं काम करणारे आमच्या ओळखीचे काका आहेत, विटा-आटपाडीकडचे. त्यांनी आधी दोनदा खात्री केली की पैसे संस्थेच्या खात्यात जातात, पावती मिळते. मग म्हणाले, "पोरी, घर सोडून परमुलखात खोली शोधायची म्हणजे काय, ते मला विचार," आणि पाच किलोमीटर घेतले. बाजूच्या तीन दुकानांतही स्वतः घेऊन गेले.

आणि मग संक्रांतीच्या आधी एका दुपारी आई तीळ भाजत होती. माझी यादी ओट्यावर पडली होती. तिने विचारलं, "सहावा गेला का कोणाला?"

नव्हता गेला.

आजोळी देवघराशेजारी एका लहान मुलाचा फोटो आहे. 'तुझा मामा, तापाने गेला' एवढंच मला ठाऊक होतं. त्या दुपारी आईने सांगितलं की तो ताप नव्हता. १९८६ साली त्याला टाटाला नेलं होतं. डोंबिवलीला एका नातेवाइकांच्या दोन खोल्यांत सगळे राहिले. दीड महिन्यात तो बरा दिसायला लागला, जिन्यात खेळायला लागला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन वर्षं यावं लागेल. अण्णा, म्हणजे आजोबा, यावल तालुक्यात प्राथमिक शिक्षक. शाळेतल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढायची तयारी दाखवली होती. अण्णांनी नको म्हटलं. नातेवाइकांकडेही आणखी राहू का, हे त्यांनी विचारलं नाही. मुलाला घेऊन घरी आले.

"वाचला असता का, देव जाणे," आई म्हणाली. "तेव्हा आत्तासारखी औषधं तरी कुठे होती? पण अर्ध्यातून आणला. सहा वर्षांचा होता." कढई उतरवून ठेवली आणि म्हणाली, "सहावा माझ्या नावावर लिही. माझ्या नको, त्याच्या लिही."

मग ती फोन घेऊन पलंगावर बसली आणि संध्याकाळपर्यंत जळगाव, भुसावळ, नाशिक, पुणे असे अकरा किलोमीटर विकले. मला चार महिन्यांत जमलं नाही ते. "अगं ५०१ चं काय घेऊन बसलीस, साडीचा फॉलसुद्धा..." असं काहीतरी ती मावशीला सांगत होती.

सगळे बेचाळीस गेले. २१,०४२ रुपये. मोठी रक्कम नाही, मला माहीत आहे. उरले १९५ मीटर. हे शेपूट १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकपासूनचं. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनासमोर संपावी म्हणून जे अंतर भरलं, तेच पुढे १९२१ मध्ये कायम झालं. मी ही गोष्ट अमौसीच्या चहाच्या टपरीवर सांगत होते. पहाटे परतताना तिथे थांबायची माझी सवय. टपरीवाले भैया म्हणाले, "राजा का हिस्सा हम ले लेते हैं." मीटरला एक रुपया. पुतण्याकडून फोनवरून १९५ रुपये भरून घेतले.

मुंबईचं फार सांगत नाही. लखनौच्या सात-आठ अंशांत सराव करून तिथल्या दमट हवेत धावणं म्हणजे काय, ते वीस किलोमीटरनंतर कळलं. सहावा अंधारातच गेला; तेवढ्यात मी कोणाशी बोलले नाही. परतीचा पेडर रोडचा चढ चालत चढले, सराफ्यातल्या काकांचे पाच तिथेच कुठेतरी होते, त्यांची माफी मागितली. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अनोळखी बायका संत्र्याच्या फोडी आणि मीठ हातावर ठेवत होत्या. मी मागितलं नव्हतं, पण घेतलं. पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटं लागली.

अमौसीला परत आले त्या सकाळी जिना उतरताना प्रत्येक पायरीला कठडा धरावा लागत होता. टपरीवर गेले. भैयांनी गाळणी हातात धरूनच विचारलं, "हमारा वाला कैसा रहा?"

"दौड़ के किया," मी म्हटलं. "पूरा."

त्यांनी मान डोलावली, कप पुढे केला. चहाचे दहा रुपये मात्र घेतले.