बॅटरीचे खरे पैसे कोण भरतं?

थंडी सुरू झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "गाडीची बॅटरी बदलायची आहे, किती खर्च येईल?" कुणी सांगतं साडेतीन हजार, कुणी पाच, कुणी सहा. गंमत म्हणजे सगळेच खरं सांगत असतात. बिलासकट एक भाव, बिलाशिवाय दुसरा, जुनी बॅटरी देऊन तिसरा. यापलीकडेही एक किंमत असते. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

गेल्या महिन्यात मी माझ्या छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बदलली, त्यामुळे आकडे ताजे आहेत. 35 एएचची बॅटरी, मूळ किंमत 4,000. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 720. एकूण 4,720. जुनी जमा केली तर 700 वजा, म्हणजे 4,020. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी याच बॅटरीवर 28 टक्के कर होता, म्हणजे हेच बिल 5,120 झालं असतं. सरकारवर टीका करायची तेव्हा आपण करतोच, पण हे बरं झालं. जिच्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, ती वस्तू इतकी वर्षं सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये का होती, हे मला कधी कळलं नाही.

तर दुकानदाराने विचारलं, "साहेब, बिल करायचंय का? नको असेल तर चार हजारात बसवतो." तेवढ्यात बाहेर हातगाडी घेऊन उभा असलेला भंगारवाला म्हणाला, "दादा, जुनी मला द्या, किलोला 95 लावतो." बॅटरी साधारण दहा किलोची. म्हणजे 950. आता हिशोब करा. बिल न घेता 720 वाचले, भंगारात 250 जास्त मिळाले. एकूण 970 रुपये. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला ही रक्कम काही छोटी नाही.

बिलाचं उत्तर सोपं आहे. बॅटरीवर 36 महिने वॉरंटी लिहिलेली असते. त्यातले पहिले काही महिनेच बॅटरी फुकट बदलून मिळते, नंतरच्या महिन्यांत फक्त किमतीत सूट. बिल नसेल तर कशाच्या जोरावर भांडणार? त्यामुळे मी बिल घेतलं. डोक्यात राहिले ते दुसरे 250.

दुकानदार 700 देतो आणि भंगारवाला 950, हे जास्तीचे पैसे येतात कुठून? थोडा भाग दुकानदाराच्या नफ्याचा आहे, हे कबूल. पण सगळा नाही.

दहा किलोच्या बॅटरीत साधारण सहा किलो शिसं असतं. उरलेलं म्हणजे प्लास्टिकचा डबा आणि गंधकाम्लाचं पाणी. शिशाची एक चांगली गोष्ट आहे, ते वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतं. म्हणून तर मेलेल्या बॅटरीलाही भाव आहे. नोंदणी असलेला कारखाना हे काम बंदिस्त यंत्रात करतो. आम्ल वेगळं काढून त्यावर प्रक्रिया, धुरावर फिल्टर, कामगारांच्या रक्ताची तपासणी, वर कर. या सगळ्याला पैसे लागतात, म्हणून तो जुन्या बॅटरीला कमी भाव देऊ शकतो.

गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमधल्या भट्टीला यातलं काहीच लागत नाही. बॅटरी कुऱ्हाडीने फोडायची, आम्ल गटारात सोडायचं, प्लेटा उघड्या भट्टीत वितळवायच्या. शिशाची धूळ जमिनीत, विहिरीत आणि काम करणाऱ्याच्या कपड्यांवरून त्याच्या घरात जाते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचं शरीर पोटात गेलेलं शिसं चार ते पाच पट जास्त शोषतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तात शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित आहे, असं काही नाहीच. मेंदूची वाढ, शिकण्याची क्षमता, दोन्हींवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. ना ताप, ना खोकला. मूल फक्त अभ्यासात मागे पडतं आणि आपण म्हणतो, "लक्षच देत नाही."

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेचा 2020 चा अहवाल सांगतो की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी वाटावी इतकं शिसं आहे. त्यांच्या अंदाजाने भारतात अशी मुलं 27 कोटींवर आहेत. पेट्रोलमधलं शिसं आपण 2000 साली देशभर बंद केलं. आता जी कारणं उरली आहेत, त्यांत बेकायदा बॅटरी भट्ट्या मोठ्या आहेत.

म्हणजे ते 250 रुपये कुणीतरी भरतंच. आपल्या ऐवजी ते त्या शेडजवळ राहणारं पोर भरतं.

आणि यात भंगारवाल्याला व्हिलन करू नका. तो दारोदार फिरतो म्हणून आपल्या शहरातला निम्मा कचरा मार्गी लागतो. प्रश्न त्याच्यापुढच्या साखळीचा आहे.

कायदा नाही असंही नाही. 2001 च्या नियमांतच विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी आणि ग्राहकाला त्याबद्दल सूट द्यावी, असं होतं. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर थेट जबाबदारी टाकली. जुनी बॅटरी योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी ग्राहकावरही आहे. पण मी जुनी बॅटरी 700 रुपयांत दुकानात जमा केली आणि विचारलं, "ही पुढे कुठे जाते?" उत्तर आलं, "गाडी येते, घेऊन जाते." कुणाची गाडी, कुठला कारखाना, काही नाही. माझ्या बिलावर 'एक्स्चेंज' एवढाच शब्द. 250 रुपये सोडूनही ती बॅटरी नीट ठिकाणी गेली की फिरून त्याच शेडमध्ये, हे मला सांगता येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, बिलावर जुन्या बॅटरीचं वजन आणि ती कुठल्या नोंदणीकृत कारखान्याकडे जाणार याची नोंद हवी. दोन, प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा कारखान्यांची यादी प्रत्येक बॅटरीच्या दुकानात मराठीत लावायला लावावी. तीन, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नवी बॅटरी घेताना ठरावीक डिपॉझिट घेतात आणि जुनी आणून दिली की परत करतात, तसं इथे करावं. चार, भंगारवाल्यांना या साखळीत कमिशनवर घ्यावं. योग्य ठिकाणी 950 मिळाले तर तो भट्टीवाल्याकडे कशाला जाईल?

तुमच्या गावात जुनी बॅटरी दिल्यावर काही पावती मिळते का? की तिथेही "गाडी येते, घेऊन जाते"? कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. पुरेशी उत्तरं आली तर एकत्र करून मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात रीतसर अर्ज देऊ.