मनाला येईल तिकडे

केंब्रिजच्या रस्त्यांवर शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची इलेक्ट्रिक व्हीलचेअर इतकी भरधाव सुटायची की बरोबरच्यांची धांदल उडे. 1963 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं निदान झालं आणि हातपाय हळूहळू निकामी होत गेले. पण बोटांत जोर होता तोवर ते खुर्ची स्वतःच चालवत राहिले. समारंभात नाच सुरू झाला की तेही खुर्चीसकट गिरक्या घेत.

या गिरक्यांचं मोल फार मोठं आहे. ज्याला हातांनी चाकं फिरवता येत नाहीत, तो मागून ढकलणाऱ्याच्या सोयीने जातो. वाटेत पेरूची गाडी दिसली तरी थांबायला सांगावं लागतं. दुकानासमोर उगाच रेंगाळणं, मध्येच मन बदलून मागे वळणं, रागाच्या भरात तरातरा निघून जाणं, या गोष्टी दुसऱ्याला विचारून करता येतच नाहीत. कॅनडातले अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी दुसऱ्या महायुद्धात जायबंदी होऊन हातपाय लुळे पडलेल्या सैनिकांसाठी 1950च्या दशकात मोटारवर चालणारी व्हीलचेअर घडवली, तेव्हा त्यांनी नेमकं हे स्वातंत्र्य परत मिळवून दिलं. आजच्या खुर्चीतही जॉयस्टिक पुढे झुकवली की दोन्ही मोटारी सारख्या फिरतात. बाजूला कलवली की एक चाक मंदावतं, दुसरं पळतं आणि खुर्ची वळते. जॉयस्टिक सोडली की खुर्ची जागच्या जागी थांबते. एवढ्याशा हालचालीत माणसाचा दिवस त्याच्या स्वतःच्या हाती येतो.

हॉकिंग यांची हौस तेवढ्यावर भागणारी नव्हती. 26 एप्रिल 2007 रोजी, वयाच्या 65व्या वर्षी, फ्लोरिडातून उडालेल्या खास विमानात ते चढले. हे विमान उंच झेप घेऊन कमानीसारखं खाली येतं, तेव्हा काही सेकंद आतली माणसं तरंगतात. सोबत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. हॉकिंग यांनी असे आठ झोके घेतले, आणि जवळजवळ चाळीस वर्षं खुर्चीला खिळलेलं शरीर हवेत मोकळं फिरलं. त्या छायाचित्रांतलं त्यांचं हसू पाहावं!

आपल्याकडेही ते येऊन गेले. जानेवारी 2001 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी ते मुंबईत होते. 59वा वाढदिवस त्यांनी इथेच साजरा केला. पुढे दिल्लीत कुतुबमिनार, जंतरमंतर पाहायचे होते, पण खुर्ची आत जाईल अशी वाट नव्हती. स्वतः व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केला आणि लाकडी, तात्पुरते उतार बसले. अपंग व्यक्तींसाठीचा 1995चा कायदा तोवर पाच वर्षांचा झाला होता. पाहुण्यासाठी जे चार दिवसांत झालं, त्याची वाट इथली माणसं वर्षानुवर्षं पाहत होती, हे खरोखर क्लेशदायक आहे.

आणि इथे एक पेच आहे. साधी व्हीलचेअर चौघं मिळून चार पायऱ्या चढवतात. मोटारी आणि बॅटऱ्यांसह इलेक्ट्रिक खुर्ची मात्र कित्येकदा तिच्यात बसणाऱ्याहून जड असते. माणसासकट ती उचलायची म्हणजे उचलणाऱ्यांच्या आणि बसणाऱ्याच्याही जिवाशी खेळ. म्हणजे जी खुर्ची दुसऱ्याच्या हातांपासून मोकळं करते, तिलाच एक पायरी अडवते. उतारही वाटेल तसा चालत नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, हे प्रमाण सर्वमान्य आहे. दुकानापुढे टेकवलेली तिरकी फळी म्हणजे उतार नव्हे.

धड वाट करता येते, हेही दिसलं आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पूर्वी डिसेंबरात, जागतिक अपंग दिनाच्या सुमारास, वाळूवर व्हीलचेअरसाठी तात्पुरती वाट टाकत. तिथल्या लोकांनी कायमची वाट मागितली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये पाण्याच्या दिशेने जाणारा लाकडी मार्ग खुला झाला. दोनच आठवड्यांत मंदौस चक्रीवादळाने त्याचा काही भाग उखडला. महापालिकेने तो पुन्हा बांधून काढला.