लाटंबार्से गावचा हिवाळी पाहुणा

नाताळचा गोठा अद्याप ओट्यावर मांडलेलाच होता आणि डब्याच्या तळाशी चार नेवऱ्या उरल्या होत्या, अशा दिवसांत आमच्या भाचीचे माल्टा बेटावरून पत्र आले. पत्र म्हणावयाचे ते जुन्या सवयीने. हल्ली पत्रे मोबाईलवरच येतात आणि त्यांना ना तिकीट लागते ना पोस्टमनची वाट पाहावी लागते. भाची तेथील एका रुग्णालयात परिचारिका आहे. माल्टा म्हटले की आपणांस प्रथम आठवतो तो संत पौल. त्याचे गलबत त्या बेटापाशी फुटले आणि थंडीपावसात तेथील लोकांनी शेकोटी पेटवून त्याला ऊब दिली, ही हकीकत प्रेषितांच्या कृत्यांत आपण ऐकलेलीच आहे. पण भाचीने लिहिले होते ते पाखरांविषयी.

सुटीच्या दिवशी ती आपल्या सोबतिणींबरोबर पक्षी पाहावयास जाते म्हणे. बेट ते केवढेसे! सारा देश मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. तरी हिवाळ्यात उत्तरेकडील थंडीला कंटाळलेली पाखरे समुद्र ओलांडून तेथे उतरतात. वॅलेटा या राजधानीत न्यायमंदिरासमोरील झाडांवर संध्याकाळी हजारो पांढरे धोबी रात्रीच्या वस्तीला येतात आणि त्यांच्या किलबिलाटात रस्त्यावरच्या माणसांचे बोलणे ऐकू येत नाही. शिवाय त्या देशाने आपला राष्ट्रीय पक्षी म्हणून एका निळ्या कस्तुराला मान दिला आहे. तेथील भाषेत त्याला मेरिल म्हणतात. समुद्रकाठच्या कड्यांवर तो एकटाच बसलेला असतो. पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, “मामा, आपल्याकडे हा पक्षी आहे का हो?”

आम्ही दोडामार्गच्या बाजूची माणसे. जन्म डोंगराच्या पायथ्याशी गेला, पण ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता येईना. कावळा, कवडा, साळुंकी, भारद्वाज आणि ककणेर ह्यांपलीकडे आमची पक्ष्यांशी ओळख नाही, हे कबूल करावयास लाज कसली? शेवटी पुस्तक उघडले, तेव्हा कळले की हा पाहुणा आपल्याकडेही येतो. माल्टातील कस्तूर तेथेच राहतो, तो इकडे येत नाही. आपल्याकडे येतो तो त्याचा भाऊबंद, हिमालयाच्या बाजूचा. पावसाळा सरला की तो खाली उतरतो आणि एप्रिलच्या सुमारास परत जातो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या पाखरांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली, तीत त्याने ह्या पक्ष्याला ‘पांडू’ असे नाव दिले. शास्त्रीय नावाच्या शेपटाला ते नाव आजही चिकटून आहे. म्हणजे परक्यांना आमचा पांडू दोनशे वर्षांपासून ठाऊक, आणि आम्हांस तो माल्टाहून पत्र येईपर्यंत ठाऊक नाही!

त्याला खडक लागतो, कडा लागतो, मोडक्या किल्ल्याची भिंत लागते, असे पुस्तकात होते. आता खडक म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती चिरेखाण. आणि चिरेखाण म्हटली की लाटंबार्से, कारण तेथील आमच्या एका स्नेह्यांच्या जमिनीत जुनी खाण आहे. त्यांना सारे ‘भाऊ’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. तेव्हा जानेवारीतील एका शनिवारी आम्ही, घरची मंडळी आणि बारा वर्षांचा पुतण्या, असे पाचजण निघालो.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लाटंबार्से हे डिचोली तालुक्याचे उत्तरेकडील गाव, महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेले. इकडे लाटंबार्से, तिकडे दोडामार्ग. मधली रेषा नकाशावर असते, भाषेत आणि सोयरिकीत ती सापडत नाही. नव्या काबिजादीतला हा मुलूख पूर्वी सावंतवाडीकरांचा होता. वस्ती बहुतेक हिंदू. जवळच्या कासारपालात कालिका देवीचे प्रसिद्ध देवालय आहे. आपल्या मंडळींची घरे थोडी, पण शेजार जुना. डिचोली म्हटले की लोकांना लोखंडाच्या खाणी आठवतात, आणि ते खरेही आहे. ह्या तालुक्याच्या कितीतरी डोंगरांची पोटे फोडली गेली आहेत. २०१२ साली त्या खाणी बंद पडल्या, मग थोड्या चालू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर आता काही ठिकाणी परत सुरू झाल्या आहेत. ती कथा येथे सांगत बसत नाही. जेथे डोंगर शिल्लक आहे तेथे काय आहे, तेवढेच सांगावयाचे आहे.

पहाटे दोडामार्गाहून निघालो तेव्हा रस्त्यावर धुके होते. भाऊंच्या दारी पोचलो तर चहा तयार, आणि चहाबरोबर पाव व पातळ भाजी. “पाखरांना घाई असते, तुम्हांला कसली?” असे म्हणून त्यांनी आम्हांस पोटभर खावयास लावले आणि मगच वाट दाखविली.

घराखाली व्हाळ आहे. पलीकडे वायंगणाची शेती, नुकती लावणी झालेली, हिरवीगार. व्हाळातील एका दगडावर पोटाशी पिवळा व पाठीवर राखी असा एक सडपातळ पक्षी शेपूट वरखाली हालवीत होता. तो करडा धोबी. हाही हिमालयाकडचा पाहुणा, पाऊस संपता संपता येणारा. शेपटाच्या त्या आपटण्यामुळेच त्याला धोबी नाव पडले असावे. थोड्या अंतरावर तुतवार होता, तो सबंध मागचा भागच हालवीत होता. पुतण्याने ताबडतोब दोघांची नक्कल करून दाखविली. पुढे कुळागरात शिरलो तर पोफळींच्या सावलीत, ओल्या पाचोळ्यावर, आणखी एक धोबी. पण हा आपला शेपूट वरखाली न हालविता अंगासकट डावीउजवीकडे डुलवीत होता. तो रानधोबी. कुळागरात पाटाचे पाणी खेळते, म्हणून जानेवारीतही जमीन भिजलेली राहते, आणि म्हणूनच हे पाहुणे तेथे उतरतात. पाट बुजला की पाहुणा गेला, असे भाऊ म्हणाले. त्यांनी पक्ष्यांचे एकही पुस्तक वाचलेले नाही.

तेथेच नवरंग दिसला. दिसला म्हणजे काय, पोफळीआड टुणकन उडी मारून नाहीसा झाला. पण तेवढ्यात हिरवा, निळा, पिवळसर आणि शेपटाखाली लाल असा सारा ऐवज डोळ्यांत भरला. तामिळ मुलखात ह्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, कारण तो सकाळसंध्याकाळ त्या सुमारास साद घालतो. आमच्या घड्याळात आठ वाजले होते. तो गप्प होता.

गोव्यात साडेचारशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. आम्ही त्या सकाळी मोजून सत्तावीस ओळखले, त्यांतले चार-पाच भीतभीतच. मयेच्या तळ्यावर किंवा मांडवीतील चोडण बेटावर, जेथे डॉ. सलीम अली यांच्या नावाचे अभयारण्य आहे, तेथे गेलो असतो तर ह्याहून जास्त भरले असते. पण आम्हांस एकच हवा होता.

चिरेखाण कुळागराच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागेपलीकडे. काजूला मोहोर येऊ लागला होता. खाणीतून चिरे काढणे थांबून बरीच वर्षे झाली. चारी बाजूंना तांबड्या दगडाच्या सरळ कापलेल्या भिंती, तळाशी पावसाचे उरलेले पाणी, आणि भिंतींच्या पायऱ्यांवर उगवलेली झुडपे. आम्ही काठावर बसलो. पाव तास गेला. बुलबुल आले, गेले. मग समोरच्या भिंतीच्या अगदी माथ्यावर, कोपऱ्यातल्या चिऱ्यावर, एक काळसर ठिपका दिसला. दुर्बीण लावली तर तो काळा नव्हता. उन्हाची तिरीप पडताच त्याचा निळा रंग उमटला: पाटीवर निळी शाई सांडावी तसा. ताठ बसलेला, चोच लांबट, आणि सबंध खाणीत एकटा.

“हा होय?” भाऊ हसून म्हणाले. “हा आमचा राखणदार. दरवर्षी थंडीत येतो आणि त्याच चिऱ्यावर बसतो. दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाही. तोच असतो की दुसरा, ते मला ठाऊक नाही. जागा मात्र तीच.”

आमचा आनंद काय वर्णावा! आम्ही भाचीसाठी छायाचित्र घ्यावयाच्या खटपटीत होतो, तोच शेजारून रबर ताणल्याचा आवाज आला. पुतण्याने खिशातून बेचकी काढली होती आणि तीत चिऱ्याचा खडा घातला होता. पोरगा वाईट नाही. समोर लक्ष्य दिसले, हातात बेचकी होती, एवढेच. आम्ही त्याचा हात धरला. खडा खाली पाण्यात पडला, डुबुक असा आवाज झाला, आणि राखणदार उडून भिंतीआड गेला.

त्याला रागे भरावे असे आमच्या मनात आले होते. पण जीभ उचलेना, आणि त्याचे कारण आम्हांसच ठाऊक होते. परतताना एका जुन्या काजऱ्याखाली थांबलो. काजऱ्याची नारिंगी फळे माणसाला विष, पण ककणेराला ती चालतात. वर दोन ककणेर बसले होते, पांढरेकाळे, चोचीवर शिंग चढविलेले. तेथे बसून आम्ही पोराला आमचीच गोष्ट सांगितली.

आम्ही त्याच्याएवढे होतो तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्यांनी बंदुकीने एक ककणेर पाडला. फेब्रुवारी संपत आला होता. त्याच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर चांगले, अशी समजूत होती. पाय धरून तो घरी आणावयाचे काम आमच्याकडे आले, आणि आम्ही मोठ्या ऐटीत गावातून चाललो. त्याच्या चोचीत चार-पाच फळे होती. ती कशासाठी, हे आम्हांस कळले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही. पुढे कितीतरी वर्षांनी वाचले: मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडण्याची पिसे झडतात. अंडी घालून पिले वाढेपर्यंत नर तिला त्या फटीतून भरवीत राहतो. तो नर होता. म्हणजे त्या दिवशी रानात कोठेतरी एक फट होती, आणि तिच्यापाशी कोणी आले नाही.

पुतण्याने विचारले, “काका, मग तिचे काय झाले?” आम्हांस ठाऊक नव्हते, तसेच सांगितले. त्याने वर बघितले. वरचे दोघे आपापली फळे गिळण्यात दंग होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता ह्या पक्ष्याला मारणे गुन्हा आहे, हेही सांगावयाचे होते; पण ते मग घरी गेल्यावर सांगितले. त्या वेळी कायद्याचे बोलणे जड वाटले.

भाचीच्या पुढच्या पत्रात कळले की माल्टातही ही दुखणी आहेत, आणि आपल्याहून जुनी आहेत. दोन खंडांमधून ये-जा करणारी पाखरे त्या चिमुकल्या बेटावर दमून टेकतात, आणि तेथे बंदुका वाट पाहत असतात. पिंजऱ्यातल्या पाखराच्या गाण्याने रानातल्या पाखराला बोलावून जाळ्यात धरावयाचाही तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा नाद आहे. ह्या जाळ्यांबद्दल युरोपीय न्यायालयाने २०१८ साली माल्टाला दोषी ठरविले. वसंतातली शिकार बंद करावी की नाही, यावर २०१५ साली सबंध देशाने मतदान केले, तेव्हा शिकारीची बाजू अवघ्या दोन-सव्वादोन हजार मतांनी जिंकली. आपले कॅथलिक बांधव ते, चर्चला जाणारे, पाहुण्यांना शेकोटी करून देणारे! परंतु दुसऱ्याच्या दारातला केर दाखविताना आमच्या हातात ककणेराचे पाय होते, हे आम्हांस विसरता येत नाही.

भाऊंना निरोप देताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती येथे लिहून ठेवतो. ती खाण मातीने भरून प्लॉट पाडावेत, असे त्यांच्या मुलांचे म्हणणे आहे. शहराकडची माणसे विचारावयास येऊन गेली. पैसा बरा मिळेल. भाऊंचे वय झाले आहे, आणि मुलांचे चुकते आहे असे आम्हांसही म्हणता येत नाही. त्यांची लेकरे शिकावयाची आहेत. “मी आहे तोपर्यंत नाही,” एवढेच ते म्हणाले आणि आमच्या पिशवीत दोन नारळ घातले.

घरी येऊन भाचीला छायाचित्र पाठविले. त्यात निम्म्याहून अधिक चिरेखाण आणि कोपऱ्यात निळा ठिपका. तिचे उत्तर त्याच रात्री आले: नर की मादी? ते लिहावयाचे आम्ही विसरलो होतो. पुतण्याने आमच्या हातून मोबाईल घेतला आणि उत्तर स्वतःच लिहिले: नर आहे, मादी करडी असते, आणि आम्ही फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहोत.