आधी दार, मग कुत्रा

झाडीपट्टीत कुत्रा कोणी विकत आणत नाही. शेजारची कुत्री विते, पिल्लं दारोदार फिरतात आणि ज्या अंगणात भात मिळेल तिथली होऊन जातात. सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या घरी माझ्या लहानपणी असे पाच कुत्रे झाले. त्यातला एकही म्हातारा होऊन मेला नाही. दोघांना बिबट्यानं अंगणातून उचललं. एक बाबांच्या मागं मोहफुलं वेचायला गेला तो परतला नाही. दोन रोगानं गेले. बाबा दोन दिवस गप्प राहत, मग कुठून तरी नवं पिल्लू येई.

नोकरी संपवून मी आता गावी राहायला आलो आहे. घर गावाच्या टोकाला, मागं धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडं जंगल. दिवाळीनंतर शेजारच्या काकाजींची कुत्री व्याली. पिल्लं पायांवर उभी राहिली तसे काकाजी म्हणाले, "गुरुजी, एक घेऊन जा. घराले राखन पायजे."

राखण पाहिजे हे खरंच. बांधीत रानडुकरं शिरली, अंगणात साप निघाला, की आधी कुत्र्यालाच कळतं. पण बायको म्हणाली, "बिबट गावात येते ते कोनासाठी? कुत्र्यासाठीच ना?" यावर मला बोलता आलं नाही. उन्हाळ्यात नातवंडं येतात. गरमीत खाटा अंगणात पडतात. ज्या कुत्र्यानं आम्हाला जागं करायचं, त्याच्याच वासानं बिबट खाटेपर्यंत यायचा. आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही.

मग आम्ही दोघं हिशोबाला बसलो. रात्री त्याला ठेवायचं कुठं? कुंपणाचा उपयोग नाही, बिबट्या भिंतही सहज चढतो. वर छप्पर आणि पुढं घट्ट लागणारं दार असलेली खोली हवी. खायला कणीचा भात आहे, पण तो दहा-बारा वर्षं रोज घालावा लागेल. आम्ही चंद्रपूरला दवाखान्यात गेलो तर कोण घालेल? पुतण्या हो म्हणाला.

लशीचा खर्च वेगळा. तीन महिन्यांचं पिल्लू झालं की रेबीजची सुई, पुढं दरवर्षी. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यातून हा रोग माणसाला होतो आणि लक्षणं दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. डिस्टेंपरची लस त्याही आधी द्यायची. ती जंगलासाठीही आहे. 1994 साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच रोगानं सुमारे हजार सिंह, म्हणजे तिथले एक तृतीयांश, मेले. 2018 साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही काहींच्या तपासणीत हाच विषाणू सापडला. आमच्या ताडोब्यात वाघ आहेत, बिबटे आहेत, रानकुत्रेही आहेत. गावातला कुत्रा गुराख्यामागं रानात जातो, तिथल्याच पाणवठ्यावर पाणी पितो. त्यामुळं आमचा कुत्रा मोकाट फिरणार नाही, हेही ठरवावं लागलं.

एवढं झाल्यावर उरलं ते दार. गोठ्याला लागून जुनी कोठी आहे. तिचं छप्पर शाबूत आहे, दार मात्र वाळवीनं खाल्लेलं. सुताराला सागाचं सांगितलं. काकाजी हसले, "बाप्पा, कुत्र्याले सागाचं दार!" त्यांच्या अंगणातून आजवर किती कुत्रे गेले ते त्यांनाही माहीत आहे, म्हणून हसता हसता तेच थांबले. म्हणाले, "ठीक आहे. ते ठिपक्याचं तुमच्यासाठी ठेवतो."

पिल्लू अजून आईला पितं, तेव्हा घाई नाही. दार महिनाभरात व्हायचं आहे. झालं तर पिल्लू येईल. नाही झालं, तर रात्री आमचे आम्हीच जागे राहू.