जंगलात रेंज नसते तेव्हा

2025 च्या जुलैत ताई, भाऊजी आणि भाचा कॅनडाहून आमच्याकडे लोहाऱ्याला आले. भाचा कॅलगरीत वाढलेला. तिकडच्या डोंगरांत तो एकटा फिरतो आणि फिरताना गार्मिनचं इनरीच नावाचं यंत्र पट्ट्याला अडकवतो. यंत्र मुठीत मावेल एवढं. मोबाइलचा टॉवर नसला तरी ते थेट उपग्रहामार्फत घरच्यांना आपलं ठिकाण कळवतं. संकटाचं बटण दाबलं की बचाव पथकापर्यंत निरोप जातो. मेळघाटला जायचं ठरलं तेव्हा निघण्याआधीच त्याने फोनवर विचारलं, "मामा, ते सोबत आणू ना?"

मी स्पष्ट नाही म्हटलं. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर कॅनडाच्याच एका धावपटू महिलेला याच यंत्रावरून पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. ती बातमी माझ्या लक्षात होती. आपल्याकडे अशा उपकरणांना दूरसंचार विभागाची आधी परवानगी लागते. 2008 च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवाद्यांनी उपग्रह फोन वापरला होता, त्यामुळे हा विषय इथे फार गंभीरपणे घेतला जातो. यंत्र बंद करून बॅगेत ठेवलं तरी चालत नाही. परदेशातून नातेवाईक येणार असतील तर त्यांना हे तिकीट काढतानाच सांगा. त्यांच्या देशात ही वस्तू दुकानात सहज मिळते, म्हणून त्यांच्या मनात शंकाही येत नाही.

यंत्राशिवाय जायचं, तर दुसरी तयारी हवी होती. भाच्याने लोहाऱ्यातच वायफायवर अमरावती जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला. फोनमधलं जीपीएस उपग्रहाचा संदेश फक्त ऐकतं, उलट काही पाठवत नाही. म्हणून रेंज नसली तरी आपण कुठे आहोत ते फोनवर दिसतं, आणि त्याला कुणाची परवानगीही लागत नाही. अडचण असते ती ते ठिकाण दुसऱ्याला कळवण्याची.

ताई गुडघ्यांमुळे घरीच थांबणार होती. तिच्याजवळ मी एक कागद लिहून दिला. त्यावर गाडीचा नंबर, आमचा रस्ता, मुक्कामाची जागा, तिथल्या माणसाचा फोन आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाचा फोन लिहिला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : संध्याकाळी 7 पर्यंत आमचा फोन आला नाही तर आधी मुक्कामाच्या ठिकाणी विचार, मग वन कार्यालयात. ताईला ते जास्तच वाटलं, पण तिने कागद फ्रीजवर लावला.

नेर, अमरावती, परतवाडा करत आम्ही मेळघाटात शिरलो. सेमाडोहच्या पुढे मुख्य रस्ता सोडून एका कोरकू गावाकडे वळलो. पाऊस थांबलेला होता. नाल्यावरचा रपटा ओलांडून गाडी उभी केली आणि भाऊजी फोटो काढायला खाली उतरले. शेवाळलेल्या दगडावरून त्यांचा पाय सटकला. घोट्याच्या वरचं हाड मोडलं, हे पाहताच कळलं. त्यांना उचलायला गेलो तर ते ओरडले. माझे हातपाय गळाले होते. भाचा मात्र शांत होता.

तिन्ही फोनवर रेंज नव्हती. 112 लावून पाहिला. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून हा फोन लागू शकतो. तिथे कुठलाच टॉवर पोहोचत नव्हता. गाडीत आडवं करून न्यावं म्हटलं, तर तोवर वर कुठेतरी पाऊस झाला असावा, नाल्याचं पाणी रपट्यावरून वाहू लागलं. परतीचा रस्ता बंद झाला.

गावातला एक मुलगा सायकलवर आला. गावापलीकडच्या पायवाटेने वन विभागाचा कॅम्प जवळ आहे आणि तिथे वायरलेस आहे, असं त्याने सांगितलं. भाच्याने फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश कागदावर लिहिले. त्याखाली मी मराठीत लिहिलं : पाय मोडला आहे, माणूस शुद्धीवर आहे, वय 64, साखरेचा आजार, रपट्यावर पाणी. मुलगा तो कागद घेऊन गेला. गावकऱ्यांनी बांबूच्या दोन कामट्या आणल्या. दुपट्टे फाडून पाय जसा होता तसाच बांधला.

थोड्या वेळाने वनरक्षक आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कक्ष क्रमांक कुठला दिसला का?" जंगलाचे कक्ष पाडलेले असतात आणि हद्दीच्या खुणांवर त्यांचे क्रमांक लिहिलेले असतात. वायरलेसवर ही माणसं ठिकाण त्याच क्रमांकाने सांगतात. येताना एक आकडा मी पाहिला होता, तो सांगितला. त्यांनी निरोप दिला. तिकडून 108 ला फोन गेला. "काही घाबरू नका भाऊ, पाणी उतरते लवकर," एवढं ते मला म्हणाले आणि माझा जीव थोडा थाऱ्यावर आला.

वाट पाहताना मला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ आठवत होता. 2019 मध्ये त्याच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेने पट्टा बांधला होता. तो तेलंगणातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, सुमारे 3000 किलोमीटर चालला, आणि त्याचं ठिकाण उपग्रहामार्फत तासातासाला कळत राहिलं. हे काम मोलाचंच आहे. पण टॉवर नसलेल्या गावातल्या आशाताईकडे किंवा सरपंचाकडे तरी उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं अधिकृत यंत्र हवं, असं मला मनापासून वाटतं. बीएसएनएलची उपग्रह फोनची सेवा 2017 पासून आहे, पण ती मुख्यतः सरकारी यंत्रणांसाठी. त्या कोरकू मुलाच्या घरी कुणी आजारी पडलं तर त्यालाही सायकलच काढावी लागते.

पाणी उतरल्यावर बाजेवरून भाऊजींना रपट्यापलीकडे नेलं. रुग्णवाहिका उभी होती. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात पाय नीट बांधून दिला, पुढची शस्त्रक्रिया अमरावतीत झाली. तिकडे ताईने 7 वाजता कागद काढून मुक्कामाच्या ठिकाणी आणि मग वन कार्यालयात फोन केला होता. कार्यालयाला वायरलेसवरून कळलेलंच होतं, त्यांनी तिला सगळं सांगितलं. आम्हाला रेंज मिळाली तेव्हा ती रडत नव्हती, साखरेच्या गोळ्या कुठल्या द्यायच्या ते सांगत होती.

आता जंगलात शिरताना मी नाक्यावर दोनच गोष्टी विचारतो : पुढचा वायरलेस कुठल्या कॅम्पवर आहे, आणि रेंज शेवटची कुठे मिळते. तिथे गाडी थांबवून घरी फोन करतो. पुढे दिसेल तो कक्ष क्रमांक वहीत टिपत जातो.